बाण सोडण्यापूर्वी

(जळगाव येथे पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मला एका मातेने दिला आहे. काही दिवसांपूर्वी त्या भगिनी आपल्या मुलीची चित्रांची वही घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी दहावीत, अभ्यासात चांगली, घरातले वातावरण सुसंस्कृत, संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारे. वही उघडली. पहिल्या पानावर एका तरुणीचा चेहरा होता, पण केसांच्या जागी वाळलेल्या फांद्या. दुसऱ्या पानावर एक वृद्ध, त्याच्या डोळ्यांच्या खोबणीतून झाडाची मुळे बाहेर आलेली. तिसऱ्या पानावर हरणाची शिंगे असलेला एक मुलगा. त्याच्या छातीत मोठी पोकळी आणि त्या पोकळीत बसलेले घुबड. सारे काळ्या शाईत, आणि सांगायला हवे की रेषा विलक्षण सामर्थ्याची.

माउलीचा प्रश्न साधा होता. "सर, आमच्या घरात असे काही नाही. मग हे अभद्र हिच्या मनात येते कुठून? वही काढून घेऊ का?"

अशा चित्रांना आजची मुले 'डार्क फँटसी' म्हणतात. मोबाईलच्या पडद्यावर, खेळांत, परदेशी मालिकांत ती सर्वत्र दिसतात. आता तर चार शब्द लिहिले की यंत्रच असे चित्र क्षणात तयार करून देते. त्यामुळे हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. माणूस आणि निसर्ग यांची रूपे मिसळून काढलेला, पाहणाऱ्याला दचकवणारा चेहरा समोर आला तर त्याचा अर्थ कसा लावावा? तो फाडावा, की वाचावा?

मी धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांतून आयुष्यभर चित्रकला शिकवली. त्या अनुभवावरून उत्तर देण्याचा अधिकार मला असावा, असे आपल्याला वाटेल. परंतु उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देणे मला भाग आहे.

माझ्या हातून झालेली चूक

पुष्कळ वर्षे झाली. श्रावणाचा महिना होता आणि पाऊस नव्हता. शाळेत चित्रकला स्पर्धा ठेवली होती, विषय 'पोळा'. मुलांनी अपेक्षेप्रमाणे रंगवलेली शिंगे, झुली, घुंगुरमाळा, पुरणपोळीचा नैवेद्य अशी चित्रे काढली. नववीतल्या एका मुलाने मात्र एक चेहरा काढला. चेहरा माणसाचा, पण कपाळातून शिंगे आलेली. नाकातून वेसण ओवलेली. गालांची कातडी भेगाळलेल्या काळ्या जमिनीसारखी. डोळे बैलाचे, आणि त्यांतून पाणी वाहत असलेले.

मी त्या चित्रावर लाल शाईने 'विकृत' असा शेरा लिहिला. तेवढ्यावर न थांबता ते वर्गापुढे उंच धरून 'सणाच्या दिवशी असे चित्र काढू नये' असा उपदेशही केला. वर्ग हसला. मुलगा काहीच बोलला नाही. त्यानंतर त्याने चित्रकलेच्या तासाला फक्त फळ्यावरचे उतरवून काढले.

कितीतरी वर्षांनी धुळ्याच्या बसस्थानकावर एका तरुणाने वाकून नमस्कार केला. तोच मुलगा. बोलता बोलता मीच त्या चित्राची आठवण काढली. तो जरा थांबला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "तो बैल नही व्हता, सर. मना बाप व्हता." त्या वर्षी दुष्काळात वडिलांनी पोळ्याच्या आठवडाभर आधी बैलजोडी बाजारात विकली होती. सणाला पूजायला गोठ्यात बैल उरला नव्हता. गेलेल्या बैलाचा चेहरा त्या मुलाला बापाच्या चेहऱ्यात दिसला होता.

त्या चित्रातले विकृत ते काय होते? विकृत होते माझे पाहणे. आज जे सांगणार आहे ते त्या मुलाचे ऋण फेडण्याचा उशिराचा प्रयत्न आहे.

अर्जुनाने खाली ठेवलेले धनुष्य

पंधराव्या शतकात ओडिशात सारळा दास नावाचे महाकवी होऊन गेले. त्यांच्या ओडिया महाभारतात एक सुंदर प्रसंग आहे. वनात असलेल्या अर्जुनासमोर एक अद्भुत प्राणी येऊन उभा राहतो. कोंबड्याचे मस्तक, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप. पाय वेगवेगळ्या प्राण्यांचे. असा प्राणी सृष्टीत नाही, म्हणजे हा कोणी घातक जीव असला पाहिजे, असे मानून अर्जुन धनुष्य उचलतो. इतक्यात त्याचे लक्ष त्या प्राण्याच्या एका अवयवाकडे जाते. तो पाय नाही, माणसाचा हात आहे, आणि त्या हातात कमळ आहे. अर्जुन समजतो. धनुष्य खाली ठेवतो आणि नमस्कार करतो, कारण समोर साक्षात श्रीकृष्ण उभे असतात. हा नवगुंजर. ओडिशाच्या पटचित्रांत तो आजही रंगवला जातो.

मित्रहो, या कथेत अर्जुनाची परीक्षा नेमबाजीची नाही, पाहण्याची आहे. प्रत्यंचा ओढलेली असताना एक क्षण थांबून पूर्ण आकृती पाहणे, हे त्याला साधले. मला साधले नाही. मी बाण सोडून मोकळा झालो.

परकी नजर आणि आपली नजर

आपण भारतीयांनी तर ही घाई मुळीच करू नये, कारण तिचा फटका आपण स्वतः सोसला आहे. इटलीचा प्रवासी लुडोव्हिको दि वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी कालिकतला आला. त्याचे प्रवासवर्णन १५१० साली छापले गेले. तेथील राजाच्या देवघरात आपण सैतानाची मूर्ती पाहिली, असे त्याने लिहिले: डोक्यावर मुकुट, चार शिंगे, अक्राळविक्राळ दात. त्याच्या पुस्तकाच्या आधारे युरोपातल्या चित्रकारांनी मग हिंदू देवतांची चित्रे काढली, ती त्यांच्याच चर्चमधल्या भुताखेतांसारखी. कला-इतिहासकार पार्थ मित्तर यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा सारा प्रकार सविस्तर मांडला आहे. त्या प्रवाशांना मूर्ती दिसत नव्हती. मनात आधीच असलेले भय त्यांना मूर्तीत दिसत होते.

आता आपल्या एरंडोल तालुक्यातल्या पद्मालयाला चला. तळ्यातली कमळे ओलांडून आपण गाभाऱ्यात जातो. तेथे गणेशाच्या दोन मूर्ती आहेत, एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या. माणसाचे शरीर, हत्तीचे मस्तक. कडेवरचे मूल घाबरते का? उलट ते हात जोडते, 'बाप्पा' म्हणते. रूप मिश्रच आहे, पण नाते ठाऊक आहे. वार्थेमाला नाते ठाऊक नव्हते म्हणून तो भ्याला. भय बहुधा रूपात नसते, अपरिचयात असते. हे पद्मालयात आपण सहज मानतो. तेच आपल्या मुलीच्या वहीपुढे विसरतो.

म्हणून अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर मी आता तीन प्रश्न विचारतो. ते मी कोणत्या परदेशी ग्रंथातून घेतलेले नाहीत. आपल्या खानदेशच्या आसपासच्या लेण्यांनी, मंदिरांनी आणि सणांनीच ते मला शिकवले.

पहिला प्रश्न : हे रूप उभे कुठे आहे?

जुन्या दगडी मंदिरात शिरताना आपण उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावतो. त्या उंबरठ्यावर पुष्कळदा एक विक्राळ मुख कोरलेले असते. वटारलेले डोळे, जबडा उघडा, खाली धड नाही. हे कीर्तिमुख. त्याची पुराणकथा अशी: जालंधराने राहूला दूत म्हणून शिवाकडे पाठवले आणि पार्वतीची मागणी केली. शिवाच्या क्रोधातून एक सिंहमुखी, हाडकुळा, भुकेने व्याकूळ जीव प्रकटला व राहूला गिळायला धावला. राहू शरण आला. शिवाने त्याला अभय दिले. तेव्हा त्या जीवाने विचारले, मग मी खाऊ काय? शिव म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायापासून आरंभ करून स्वतःला खाल्ले. केवळ मुख उरले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला आपल्या द्वारी कायमचे स्थान दिले.

शिवाने क्रोधातून जन्मलेल्या त्या जीवाला मारले नाही, दारावर नेमले. भयाला हाकलून दिले तर ते मागच्या दाराने परत येते. त्याला काम दिले तर ते रखवालदार होते. आपल्या पूर्वजांचे हे मानसशास्त्र आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि बीभत्स हे दोन्ही आहेत. शृंगार-वीराच्या पंक्तीला त्यांना पाट मांडलेला आहे. भयानकाचा रंग काळा आणि देवता काल, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे 'डार्क' हा शब्द आयात केलेला असेल, काळ्या रंगाचे शास्त्र मात्र आपल्या घरचे आहे.

परंतु याच परंपरेने एक मर्यादाही घातली. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे. त्यात म्हटले आहे की राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या रसांचीच चित्रे असावीत. सर्व रसांची चित्रे राजसभेत आणि देवालयात शोभतात. किती समंजस विवेक आहे पाहा! भयानक चित्र काढूच नये असे शास्त्र म्हणत नाही. ते कुठे लावावे एवढे सांगते. पाळण्याजवळ नको, देवालयाच्या भिंतीवर चालेल.

आजची खरी अडचण इथेच आहे. मोबाईलमध्ये उंबरठाच नाही. गाभाऱ्यातले, सभेतले, स्मशानातले आणि शयनगृहातले असे सारे एकाच पडद्यावर, बोटाच्या एका हालचालीसरशी, रात्री बारा वाजता पांघरुणात मुलाच्या डोळ्यांपुढे येते. पालकांनी चिंता करायची असेल तर या हरवलेल्या जागेची करावी. मुलीच्या वहीला मात्र जागा आहे. वही ही उंबरठ्यासारखीच असते. आतले बाहेर येताना ते तिथे क्षणभर थांबते. ती काढून घेतली तर आतले आतच राहते.

दुसरा प्रश्न : माणूस आणि निसर्ग यांचा सांधा कसा आहे?

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि जगाला ती ठाऊक झाली, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. आपल्या वाघूर नदीच्या उगमाकडची ही घळ. तेथे एकोणिसाव्या लेण्याच्या बाहेर, डाव्या अंगाला, नागराज आणि त्याची राणी बसलेली आहेत. राजाच्या मस्तकामागे नागाचे अनेक फणे छत्रासारखे पसरलेले. शरीर माणसाचे, बैठक ऐसपैस, चेहऱ्यावर अपार शांती. नागाचा फणा ही सर्वांत भयप्रद गोष्ट. इथे ती राजचिन्ह झाली आहे. सांधा इतका सहज आहे की माणूस कुठे संपतो आणि नाग कुठे सुरू होतो, हा प्रश्नच आपल्या मनात येत नाही.

चाळीसगावच्या पाटणादेवीचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. त्याच सातमाळा डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत, अजिंठ्याच्या या लेण्याहूनही कितीतरी जुनी, इसवी सनापूर्वीची. तेथे सापडलेली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटकी, ढेरपोटी, डोक्यावर वाडगे तोललेली, आणि मनापासून हसणारी. तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, म्हणजे कृष्णदास, व्यवसायाने सोनार. यक्ष हे मुळात झाडांचे, पाण्याचे, रानाचे अधिदैवत. रानाची भीती तर त्या काळी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असणार. आमच्या या सोनाराने त्या भीतीला चेहरा दिला आणि त्या चेहऱ्यावर हसू ठेवले.

सातपुड्यात जा. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारच्या डोंगराळ भागात काठीची होळी प्रसिद्ध आहे. आपले वनवासी बांधव अंगभर राखेचे ठिपके काढतात, मस्तकावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरे बांधतात. ज्वाळांच्या उजेडात तो माणूस आहे, मोर आहे की रानातली वेल, हे कळू नये असे ते रूप. शहरातला माणूस दचकतो. परंतु त्या रूपामागे व्रत असते. सोंग घेणारा काही दिवस नियमाने राहतो, खाटेवर झोपत नाही. रूप उग्र आणि आचरण संयमाचे. याच पट्ट्यात वाघदेवाची पूजा होते. ज्याच्यापासून भय, त्यालाच सीमेवरचा देव मानायचे, ही कीर्तिमुखाचीच कथा आहे, लाकडात आणि दगडात पुन्हा सांगितलेली.

आणि इतक्या दूर जायचेच कशाला? नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या घराघरांत कानबाई बसते. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेले भाऊबंद रोटांसाठी गावी येतात. कानबाई म्हणजे काय? नारळ. त्याला डोळे येतात, नाक येते, नथ येते, कुंकू लागते. सोमवारी नदीकाठी तिला निरोप देताना बायकांचे डोळे भरून येतात. फळाला चेहरा देऊन त्याला आई म्हणणारे आपण! 'माणसाच्या चेहऱ्यात झाड कसे आले?' असा प्रश्न खानदेशातल्या माउलीला तरी पडू नये.

युरोपातही हा विचार अजिबात नव्हता असे नाही. सोळाव्या शतकात इटलीच्या आर्चिम्बोल्दो या चित्रकाराने १५६३ साली 'हिवाळा' रंगवला. तो एका वृद्धाचा चेहरा आहे, सगळा वठलेल्या झाडाच्या खोडाचा. पुढे त्याने सम्राट रुडॉल्फ दुसरा याचे व्यक्तिचित्र फळे, कणसे आणि भाज्या रचून केले. पहिल्या दृष्टीला ती थट्टा वाटते. तथापि वर्षाच्या साऱ्या ऋतूंचे पीक राजाच्या देहात एकत्र यावे, ही कल्पना राजस्तुतीचीच आहे.

तेव्हा सांधा पाहावा. निसर्ग माणसाला शोभा देतो आहे, आधार देतो आहे, की माणसाला गिळतो आहे? की माणसानेच निसर्गाला इजा केली आहे आणि ती जखम चेहऱ्यावर उमटली आहे? माझ्या त्या विद्यार्थ्याच्या चित्रात बापाच्या नाकात वेसण होती. कर्जाने आणि दुष्काळाने माणसाला वेसण घातली, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात पानभर लिहिले असते. त्याने ते एका रेषेत सांगितले. सांधा तिथेच होता, नाकाशी. मी पाहिला नाही.

तिसरा प्रश्न : या रूपाच्या हातात काय आहे?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे सगळे थांबतात. तिथेच, अंतराळाच्या भिंतीवर, माराच्या आक्रमणाचे चित्र आहे. आज बरेच पुसट झालेले. सव्विसाव्या लेण्यात तोच प्रसंग दगडात आहे. बोधिवृक्षाखाली सिद्धार्थ बसलेला आणि त्याच्यावर चाल करून आलेली माराची सेना. विचकलेले दात, उगारलेली शस्त्रे, विद्रूप आणि प्राणिमुखी चेहरे. त्याच सेनेबरोबर मोहात पाडायला आलेल्या सुंदर स्त्रियाही आहेत. या साऱ्या कोलाहलाच्या मध्यभागी एक स्थिर आकृती. उजव्या हाताची बोटे भूमीला टेकलेली. तिने शस्त्र उचललेले नाही. फक्त भूमीला साक्षीला बोलावले आहे.

अजिंठ्याच्या कलावंताने भयानक काढताना हात आखडता घेतलेला नाही. परंतु त्याने केंद्र सोडले नाही. भयानक कडेला आहे, शांत मध्यभागी आहे. चांगल्या आणि वाईट 'डार्क' चित्रातला फरक मला विचाराल तर तो इतकाच आहे. चित्रात कुठेतरी भूमीला टेकलेला हात आहे का? कमळ धरलेले बोट आहे का?

याच्या उलट उदाहरणही अजिंठ्यातच आहे. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली आहे. व्यापाऱ्यांचे जहाज फुटते, ते एका बेटाला लागतात. तेथे त्यांचे स्वागत करतात लावण्यवती. त्या असतात राक्षसिणी. सिंहल निसटतो, त्याच्या मागावर आलेल्या एकीच्या रूपाला राजाच भुलतो, तिला महालात घेतो आणि त्याचा सर्वनाश होतो. पंधराशे वर्षांपूर्वीचा चित्रकार आपल्याला बजावतो आहे की धोका नेहमी शिंगे घेऊन येत नाही. पुष्कळदा तो गोड चेहरा घेऊन येतो. मुलीने काढलेल्या शिंगांच्या चेहऱ्याने आपण अस्वस्थ होतो. पण जाहिरातींतले, चकचकीत केलेले, एकही सुरकुती नसलेले चेहरे पाहून तीच मुलगी आरशात स्वतःचा तिरस्कार करू लागते, तेव्हा आपल्याला ते दिसतही नाही. यांतली राक्षसीण कोणती?

काही चित्रांत कमळ सापडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पोलंडचा चित्रकार बेक्शिन्स्की (१९२९–२००५) याची चित्रे आजची मुले आवडीने पाहतात. हाडांची, मुळांची, धुळीची माणसे, सुनसान प्रदेश. तो आपल्या चित्रांना नावेही देत नसे. त्याचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत, युद्धाने होरपळलेल्या देशात गेले, हे ध्यानात घेतले तर त्या चित्रांचा अर्थ पूर्ण लागला नाही तरी त्यांच्याविषयी कणव वाटू लागते. अशा चित्रांवर बंदी घालणे हा उपाय नव्हे. ती एकट्याने पाहू न देता सोबत बसून पाहणे हा उपाय आहे.

एक सूचना मात्र गांभीर्याने करतो. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांत जाणे सोडले असेल, स्वतःला इजा करण्याची भाषा बोलत असेल, तर चित्राच्या अर्थात गुंतू नका. विनासंकोच डॉक्टरांकडे जा. ती वेळ रसचर्चेची नाही. यात घराण्याची अप्रतिष्ठा मानू नये.

घुबडाचे घर

त्या माउलीला मी म्हणालो, वही काढून घेऊ नका; मुलीला घेऊन या. पुढच्या रविवारी दोघी आल्या. मी मुलीला 'हे का काढलेस?' असे विचारले नाही. 'का' म्हटले की मूल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते. मी विचारले, "हे घुबड इथे कसे आले?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सांगू लागली. शाळेच्या वाटेवर जुनी मोठी झाडे होती. रस्ता रुंद करताना ती तोडली. त्यांतल्या एका निंबाच्या ढोलीत घुबड राहत असे. ती ते रोज पाहत असे. झाड पडले त्या दिवशी ते भर उन्हात विजेच्या तारेवर बसले होते. "त्याला राहायला जागा नव्हती, म्हणून मी त्याला या मुलाच्या छातीत जागा दिली."

आई डोळे पुसत होती. ज्या पोकळीला आपण भीत होतो ती पोकळी नव्हतीच. ते घर होते. अभद्र पक्षी म्हणून ज्याला आपण दारातून हाकलतो, ते लक्ष्मीचे वाहन या पोरीने हृदयाशी धरले होते. कमळ धरलेला हात तिथेच होता. फक्त कोणी पाहिला नव्हता.

पालकहो, आपली संस्कृती टिकावी अशी आपल्या सर्वांची तळमळ आहे. ती केवळ मनाई करून टिकणार नाही. संस्कृती म्हणजे वारशाने आलेली नजर. तिच्यामुळे कीर्तिमुखात रक्षक दिसतो, नारळात आई दिसते, गजमुखात मंगल दिसते. ती नजर मुलांना द्यायची असेल तर या सुट्टीत त्यांना अजिंठ्याला न्या आणि घाईने फोटो काढून परतू नका; एका नागराजापुढे अर्धा तास बसा. मंदिरात जाताना उंबरठ्यावरचे मुख दाखवून त्याची गोष्ट सांगा. कानबाईच्या वेळी नारळाला डोळे लावायचे काम घरातल्या लहान हातांना द्या. मग मुले पडद्यावरचे परके चेहरेही स्वतःच्या तराजूत तोलू लागतील आणि त्यांच्या वहीतले राक्षस आपल्याशी बोलू लागतील.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की लाल शाईचे पेन उघडण्यापूर्वी चित्र एकदा पूर्ण पाहा. अर्जुनाला तो क्षण मिळाला. मला मिळाला होता, मी दवडला. आपण दवडू नये.